देव्हाऱ्यात वाजलेला अल्बम

मुलांनो, तुमच्या आत्याच्या तिसऱ्या अल्बमचं झाशीत काय झालं हे तुम्ही तिच्या तोंडून ऐकलंच असेल. तिच्या हकिकतीत आम्ही सगळ्या बायका खुळ्या आहोत आणि ती एकटी सोसणारी आहे. माझी हकिकत थोडी वेगळी आहे. शिवाय ती क्रमानं आहे. पोरींना इंग्रजी शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला गोष्ट मधूनच सुरू करता येत नाही, आणि तुमच्या आत्याला ती पहिल्यापासून सुरू करता येत नाही.

आत्या मुंबईत राहते आणि पॉप गाते. पॉप म्हणजे नक्की काय, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "आई, तू ज्याला 'बंद कर ते' म्हणतेस ना, ते," असं उत्तर मिळालं. व्याख्या म्हणून वाईट नाही. तिचे पहिले दोन अल्बम हिंदीत होते. पहिला तिच्या मैत्रिणींनी ऐकला. दुसरा निघेपर्यंत मैत्रिणींना मुलं झाली होती. तिसरा तिनं मराठीत करायचं ठरवलं, आणि तीही पुण्यामुंबईची मराठी नव्हे, आपल्या घरातली. जी मराठी फौजेबरोबर बुंदेलखंडात आली आणि परत जायचं विसरली, जिच्यात आपण भाजी छौंकतो आणि पाहुण्यांना 'बसा जी' म्हणतो. कंपनीच्या लोकांना हे फार गोड वाटलं. करार होईपर्यंत कंपनीच्या लोकांना सगळंच गोड वाटतं.

स्टुडिओ तिनं मला व्हिडिओवर दाखवला. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आहेत. ही एका काचेच्या खोलीत उभी राहून एकटीच गाते. ढोलकीवाला दुसऱ्या दिवशी येऊन एकटाच वाजवून जातो. त्या दोघांची आजवर ओळख नाही. मग तिसरा कुणीतरी संगणकावर बसून त्यांचं लग्न लावतो. मी म्हटलं, पूर्वी आमच्याकडेही असंच होत असे, वधूवर मांडवातच पहिल्यांदा भेटत. ती म्हणाली, "आई, प्लीज."

अल्बम बाहेर पडायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आई, हा शेवटचा. हासुद्धा कुणी ऐकला नाही ना, तर मी गाणं सोडते. इथल्या एका शाळेत संगीत शिकवायला बोलावतायत. हो म्हणते आणि मोकळी होते."

"शाळेत प्रॉव्हिडंट फंड असतो," मी म्हटलं. आयांनी अशा वेळी असंच बोलायचं असतं. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ भांड्यांची मांडणी बदलत बसले, कारण सहा वर्षांची असल्यापासून ही मुलगी न गाता जिनासुद्धा चढलेली नाही.

तुमच्या आजोबांना मी हे सांगितलं. आजोबा रेल्वेत गार्ड होते. मुलीच्या गाण्याबद्दल त्यांचं आयुष्यात एकच मत होतं: "छान आहे, पण त्यात पास मिळत नाही." पहिले दोन अल्बम निघाले तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. आत्यानं विचारलं तर म्हणाले, मला ऐकू येत नाही. ते खरंही होतं. म्हणून तर तुमच्या बाबांनी तिकडून ती कानात घालायची शेंगदाण्याएवढी यंत्रं पाठवली, आणि तासभर फोनवर सूचना देऊन ती आजोबांच्या मोबाइलशी जोडूनही दिली. तेव्हापासून कुणाचा फोन आला की बाकी कुणाला काही ऐकू यायचं नाही आणि आजोबा मात्र दचकून हवेत 'हॅलो' म्हणायचे.

अल्बमचं स्वागत कसं झालं ते आता सांगते. पुण्याच्या कुणा जाणकारानं इंटरनेटवर लिहिलं की गायिकेचे उच्चार हिंदी वळणाचे आहेत आणि तिनं आधी मराठी शिकावं. मुंबईच्या एका जाणकाराला त्यात 'मातीचा गंध' आला. कुठल्या मातीचा ते त्यानं लिहिलं नाही. अल्बममध्ये एक गाणं प्रेम नगरवर आहे. ते ऐकून कंपनीनं जाहिरातीत गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. आपलं झाशीतलं प्रेम नगर ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की ते गाणं खड्ड्यांवर आहे. झाशीच्या हिंदी पेपरनं कोचिंग क्लासच्या दोन जाहिरातींच्या मधे तिची बातमी छापली, 'शहर की बेटी' म्हणून तिचं कौतुक केलं, तिला भजनगायिका ठरवलं, आणि फोटो दुसऱ्याच मुलीचा टाकला. ती मुलगी दिसायला बरी होती. आम्ही कात्रण ठेवलं आहे.

एवढं होऊनही ऐकणारे मोजकेच होते. तेव्हा तुमच्या मोठ्या आजीनं, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, प्रकरण हातात घेतलं.

आपल्या घरात कुठलीही नवी वस्तू आधी देवापुढे ठेवतात. पहिला पगार, नवी साडी, मुलांच्या मार्कशीटा, एकदा तर गॅसचा सिलिंडर. जाऊबाई सकाळीच येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीचा अल्बम देवापुढे ठेवलास?"

"काय ठेवू? वस्तू नाहीये ती. फोनमध्ये असतं सगळं."

"कॅसेट नाही?"

"नाही."

"तबकडी?"

"नाही हो."

"मग एवढे दिवस स्टुडिओत जाऊन केलं काय हिनं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. "फोन ठेव."

माझा फोन मला लागतो. आजोबांचा कुणालाच लागत नाही. म्हणून तो देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी गेला. त्याला हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या. बबीना छावणीतल्या सुभेदारांची बायको तेव्हा घरी आली होती. साताऱ्याकडची, चुणचुणीत, फोनमधलं सगळं जाणणारी. तिनं अल्बम लावून दिला. पहिलंच गाणं असं धडधडत सुरू झालं की अन्नपूर्णा जागच्या जागी हलली. जाऊबाईंनी डोळे मिटले. भक्तीनं नव्हे. "अगं, जरा बारीक कर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कुठून करायचं? सुभेदारीणबाई फोन शोधायला अक्षता बाजूला सारू लागली. आजोबा आंघोळ करून, कानांत यंत्रं घालून, शर्टाची बटणं लावत बाहेर आले, आणि तेवढ्यात आवाज बंद झाला. मला वाटलं तिनं केला. तिला वाटलं मी केला. जाऊबाईंना वाटलं देवानं केला. फोनच्या काचेवर गाणं मात्र पुढे सरकत होतं.

"राहू दे असंच," जाऊबाई म्हणाल्या. "देवाला पोचतंय ना, बास."

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आपल्याकडे गल्लोगल्ली अखंड रामायण बसतं. चोवीस तास पाठ, एक वाचणारा उठला की दुसरा बसतो, खंड पडू द्यायचा नाही, आणि लाउडस्पीकर असा लावायचा की ज्यांना पुण्य नको आहे त्यांनाही मिळावं. जाऊबाईंचा अर्धा जन्म या पाठांना हजेरी लावण्यात गेला आहे. सुभेदारीणबाई सहज बोलून गेली, "काकू, जितक्या वेळा वाजंल तितका ताईंचा आकडा वाढतो." बस्स. जाऊबाईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी त्यांच्या मुलाच्या लग्नात देणंघेणं ठरताना एकदा पाहिली होती.

"मग अखंड बसवू," त्या म्हणाल्या.

आणि बसवलं. शहरातली सगळी मराठी घरं, छावणीतल्या बायका, बिजौलीला कारखान्यात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याची सासू, सगळ्यांना पहारे वाटून दिले. ज्या घरी जास्तीचा फोन होता त्या घरी तो देव्हाऱ्यात गेला. आवाज सगळीकडे बंद, कारण दुपारी झोपायचं असतं आणि संध्याकाळी मालिका असतात. पहारा म्हणजे गाणं चालू आहे ना आणि चार्जिंग आहे ना एवढंच बघायचं. रात्रीचे पहारे कुणी दिले मला विचारू नका, मी झोपते. एकीला मोठ नावाच्या गावी माहेरी जायचं होतं, तर तिनं फोन पिशवीत घालून बसमध्येसुद्धा खंड पडू दिला नाही. इतकी निष्ठा आणि इतके थोडे कान मी एकत्र कधी पाहिले नव्हते.

आमच्या घरात या अखंडाचा एक चमत्कारही झाला. तुमचे आजोबा देवाला लागले. ज्या माणसानं सणासुदीलाही पूजा मला आणि झेंडावंदन स्वतःला अशी वाटणी केली होती, तो आता देवघरालगतच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागला. दिवसभर. डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी हलका ताल धरून. भाजी आणायला पाठवलं तर फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. "बाहेर गेलं की तुटतं," म्हणायचे.

"अनुसंधान म्हणतात ते हेच," जाऊबाईंनी मला समजावलं. "तू त्याला भाजीला पाठवू नकोस गं आता."

एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, "तिसऱ्याला शेवटी फार घाई होते." मला वाटलं तिसऱ्या पोळीबद्दल बोलतायत. मी सावकाश वाढू लागले.

आणि मग आत्याचा फोन आला. बोलत नव्हती, किंचाळत होती. अल्बम काढून टाकला होता. जिथे लोक तो ऐकतात तिथूनच. कारण काय, तर झाशी नावाच्या एका गावातून तोच अल्बम रात्रंदिवस, न थांबता वाजत होता, त्यातून माणसं असं ऐकत नाहीत, म्हणजे नक्कीच कुणीतरी यंत्रं लावून खोटे आकडे वाढवले आहेत. कंपनीचा समज असा, की आत्यानंच कुणाला तरी पैसे दिले.

"झाशीत माझ्यासाठी कोण यंत्रं लावणार, आई?"

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. चार्जरची वायर निरांजनाला वळसा घालून गेली होती. सुभेदारीणबाईनं अल्बम त्या फोनमध्ये उतरवून ठेवला होता, म्हणून आमच्याकडे गाणं अजून सरकतच होतं. मी म्हटलं, "तू ये इकडे. फोनवर सांगण्यासारखं नाही."

ती आली तेव्हा आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कंपनीची एक मुलगी त्याच दुपारी व्हिडिओवर येऊन ऐकणारी माणसं खरी आहेत का ते बघणार होती. खरी निघाली तर अल्बम परत लावणार होते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन आंबेडाळीसाठी कैरी किसायला बसली. ती चिडून बोलत असते तेव्हा मला काळजी नसते. त्या दिवशी ती कैरी किसत होती.

दुपारी दिवाणखाना भरला. हळदीकुंकवात पुरुषांचं काम नसतं, म्हणून आजोबा नेहमीसारखे आतल्या खोलीत, पडद्यामागे. सुभेदारीणबाईनं आपला फोन कलिंगडाच्या कमळाला टेकवून उभा केला. फोनच्या काचेवर आली ती कंपनीची मुलगी तुमच्याच वयाची, केस एका बाजूला निळे.

"नमस्कार मॅम. आम्हाला फक्त खात्री करायची आहे की ही खरी माणसं आहेत."

"म्हणजे?" जाऊबाई पुढे सरसावल्या. "ये इथे, चिमटा काढून बघ."

"तसं नाही आजी. तुम्ही सगळ्यांनी खरंच सलग ऐकलं?"

"अखंड म्हणजे अखंड. विचार कुणालाही. हात वर करा गं!"

सगळ्यांनी हात वर केले. बांगड्यांचा आवाज झाला. निळ्या केसांची मुलगी हसली. "वा! मग सांगा ना, कुठलं गाणं जास्त आवडलं?"

बांगड्या थांबल्या.

"सगळीच छान आहेत," बिजौलीची सासू म्हणाली.

"एखादीचे शब्द? एखादी ओळ?"

कुणी पन्ह्याचा घोट घेतला, कुणी भिजवलेले हरभरे मोजल्यासारखे निवडले. सुभेदारीणबाई माझ्याकडे बघू लागली, जणू पेपर मी काढला होता. शेवटी जाऊबाईच बोलल्या, आणि त्यांच्या मते अगदी बिनतोड बोलल्या. "अगं, देवाला लावलं होतं ते. आवाज बंद होता. नैवेद्य दाखवताना आपण मधेच तोंडात टाकतो का?"

"म्हणजे," मुलीचं हसू गेलं, "इतक्या दिवसांत कुणी ऐकलंच नाही?"

आत्या पन्ह्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा मी तुम्हाला सांगणार नाही. ती अगदी हळू म्हणाली, "ठीक आहे. कळलं मला," आणि ट्रे ठेवायला जागा शोधू लागली.

"तीन नंबरचं," पडद्यामागून आवाज आला.

सगळ्या बायकांनी पदर सावरले. आजोबा पडद्यातून डोकं काढून उभे होते. "तीन नंबरचं चांगलं आहे. प्लॅटफॉर्मचं. पाच नंबर लांबलंय. प्रेम नगरचं बरोबर आहे, पण खड्डे कमी सांगितलेत."

"तुम्ही कधी ऐकलंत?" मी विचारलं.

"कधी म्हणजे? चालूच आहे की. तुम्हीच लावलंत. सकाळी उठून यंत्र घातलं की सुरू, रात्री काढेपर्यंत."

"आवाज बंद होता, अहो!"

"कुणाला?" आजोबांनी विचारलं.

त्यांनी कानातलं यंत्र काढून मला दाखवलं. ते इतक्या लांबूनही बारीक, माशीसारखं गुणगुणत होतं. निळ्या केसांच्या मुलीला सगळ्यात आधी कळलं. ती तोंडावर हात ठेवून खाली वाकली ती बराच वेळ दिसलीच नाही.

"मला वाटलं सगळ्यांनाच ऐकू येतंय," आजोबा म्हणत होते. "म्हटलं, बायकांची कमाल आहे, पोरगी एवढी जीव तोडून गातेय आणि ह्यांच्या लोणच्याच्या गप्पा चालूच."

माझे पती अनुसंधानात नव्हते. जाऊबाईंना हे पचायला वेळ लागला. माझ्या मते अजून लागतोय.

आत्यानं ट्रे माझ्या हातात दिला. "तीन नंबरचं कळलं तुम्हाला, बाबा?"

तीन नंबरच्या गाण्यात एक लहान मुलगी झाशी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहून हात करते, आणि शेवटच्या डब्यातला माणूस तिला हात करत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी त्याच प्लॅटफॉर्मवर तिचा दुसरा हात धरून उभी असायची, तरी माहीत नव्हतं.

"हात केला असता," आजोबा म्हणाले. ते तिच्याकडे न बघता कलिंगडाकडे बघत होते. "एका हातात झेंडी असते. दुसऱ्यानं दांडा धरायचा असतो. गाडी सुटलेली असते ना."

"मला ठाऊक नव्हतं."

"तू लहान होतीस." मग घसा खाकरून, "पण तू त्यात शेवटी फार घाई केलीस. 'गाडी गेली' म्हणायच्या आधी श्वासच घेत नाहीस. दर वेळी मलाच धाप लागायची."

"मी घेतला होता श्वास!" आत्याचा आवाज एकदम चढला. "कापला त्यांनी. संगणकावर. म्हणाले, श्वास ऐकू येतो, बरं वाटत नाही."

"गाडीच्या मागे पळालेल्या पोरीचा श्वास ऐकू येणार नाही तर काय?"

"तेच सांगितलं मी त्यांना!"

"मग परत गा की नीट."

दोघं तावातावानं भांडू लागली. भरल्या हळदीकुंकवात, सवाष्णींच्या मधे उभं राहून, दम कुठे घ्यायचा यावर. जाऊबाई अत्तरदाणी घेऊन ताटकळल्या होत्या. माझ्या मुलीचा चेहरा मात्र आता सांगण्यासारखा होता. गाण्यात काय चुकलंय ते ऐकून सांगणारा एक माणूस तिला मिळाला होता.

पुढचं थोडक्यात. निळ्या केसांच्या मुलीनं अल्बम परत लावून दिला, पण झाशीतलं सगळं ऐकणं रद्द केलं, आजोबांचंही. नियम म्हणे तसाच आहे. पुढच्या अल्बमचं विचारल्यावर कंपनीनं 'कळवतो' असं कळवलं आहे. जाऊबाईंनी आवाज मोठा करून अल्बम एकदा पूर्ण ऐकला आणि अखंड बसवलं ते बरंच केलं असं मत दिलं, कारण एवढं सगळं देवालाच ऐकणं शक्य आहे. बिजौलीच्या सासूनं पाच नंबर पुन्हा लावायला सांगितलं. ते लांबलंय हे तिला मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं त्या शाळेला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. प्रॉव्हिडंट फंड गेला. मी फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवला. मग ती माझं कपाट उघडून, मी उन्हं देऊन, डांबरगोळ्या घालून, घडीवर घडी ठेवलेल्या सगळ्या रजया घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेली आणि तिनं त्या चारी भिंतींना दोरीनं टांगल्या. स्टुडिओ म्हणे. चैत्रातल्या झाशीच्या उन्हात, वर पत्रा, आत सात रजया. तीन नंबरचं गाणं ती पुन्हा म्हणणार होती, श्वासासकट, आणि तेवढं एक स्वतःच बाहेर काढणार होती, कंपनीनं काही कळवो न कळवो.

मी रजयांचा हिशेब घ्यायला वर गेले. आजोबा दाराबाहेर सावलीत खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही यंत्रं कानांत. खिडकीच्या फटीतून आत्याचं घामेजलेलं तोंड दिसलं.

"बाबा, घेऊ का?"

आजोबांनी खुर्चीतून तिला हात केला.